आमचा हँडब्रेक

"यंदाच्या अंकासाठीं आपण कांहीं तरी लिहून द्यावें, आणि तें विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडणारें असावें," असा मराठी विभागाच्या चिटणीसांचा निरोप आला तेव्हां आम्ही मोठ्या पेंचांत पडलों. काव्य आम्हांस साधत नाहीं. प्रवास आम्हीं वाई-पांचगणीच्या पलीकडे फारसा केलेला नाहीं. थोर पुरुषांचीं चरित्रें आमच्याहून जाणत्या माणसांनीं पूर्वींच लिहून ठेविलीं आहेत. तेव्हां गेल्या पावसाळ्यांत एका लहानशा लोखंडी दांड्यानें आमचें गर्वहरण कसें केलें, त्याचीच हकीकत सांगावी असें शेवटीं ठरविलें. तींत आमची शोभा नाहीं. परंतु उपयोग असेल, अशी आशा आहे.

मोटार चालविण्यास आम्ही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं शिकलों. उशिरां शिकलेल्या विद्येचा माणसास अभिमान फार असतो, तसा तो आम्हांसहि होता. आमची गाडी लहान आणि जुनी. पण क्लच, गियर व पायाचा ब्रेक यांशीं आमचें चांगलें जुळलें होतें. पुढच्या दोन बैठकांच्या मध्यें जो हातानें ओढावयाचा दांडा असतो, तो हँडब्रेक. त्याच्याकडे मात्र आम्हीं कधीं विशेष लक्ष दिलें नाहीं. गाडी थांबली म्हणजे तो वर ओढावा, पांच वेळां 'कर्र, कर्र' असा आवाज ऐकावा, आणि किल्ली काढून खुशाल उतरावें, हा आमचा परिपाठ. पांच हा आंकडा आम्हांस कोणीं पढविला नव्हता. गाडी घेतली तेव्हां पांचव्या आवाजाला दांडा घट्ट होऊन थांबत असे. तेवढें हातानें लक्षांत ठेविलें आणि पुढें सहा वर्षें तो तेथेंच थांबत राहिला.

जुलई महिन्यांतला रविवार होता. आम्ही, आमची वडील बहीण आणि तिचा सहा वर्षांचा नातू असे तिघे वाईहून पांचगणीस निघालों. पसरणीचा घाट पावसाळ्यांत किती रम्य दिसतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एकीकडे डोंगरावरून पाण्याच्या धारा उतरत होत्या. दुसरीकडे खालीं कृष्णेचें खोरें धुक्यांत मधूनच दिसे, मधूनच झांके. एका वळणाच्या थोडें पुढें एक म्हातारी शेगडी पेटवून कणसें भाजीत बसली होती. मूल मागच्या बैठकीवर गाढ झोपलेलें. ताई म्हणाली, "थांबव रे जरा. गरम कणीस खाऊं आणि पुढें जाऊं."

आम्हीं गाडी चढावरच कडेला घेतली, इंजिन बंद केलें, दांडा ओढला, पांच आवाज ऐकले, आणि गियर मोकळा ठेवून खालीं उतरलों. गाडीचें तोंड वर पांचगणीकडे आणि पाठ उताराकडे होती. मागें दहा-बारा पावलांवर रस्ता वळत होता. वळणावर दगडी कठडा होता आणि कठड्यापलीकडे धुकें होतें. गाडी स्वस्थ उभी होती. आम्हीं दोन कणसें निवडलीं, त्यांना लिंबू व तिखटमीठ लावून घेतलें. पैसे पिशवींत राहिले म्हणून ताई गाडीकडे परतली. तिनें पुढचें दार उघडून पिशवी घेतली, आणि पाऊस वाढला होता म्हणून दार घाईनें जोरांत लाविलें.

त्या धक्क्यासरशी गाडी हलली.

प्रथम ती इतक्या हळू सरकली कीं आम्हांस तो धुक्याचा भास वाटला. हातांत कणीस धरून आम्ही नुसते पाहत राहिलों. "आरं दादा, मोटार मागं सरतीया!" अशी म्हातारीची आरोळी कानीं पडली तेव्हां आम्ही भानावर आलों, परंतु धांवून दार उघडीपर्यंत काय झालें असतें, याचा विचार आजहि करवत नाहीं. म्हातारी मात्र ओरडून थांबली नव्हती. तिच्या बसण्याच्या जागेजवळ नारळाएवढा एक काळा धोंडा पडलेला होता. तो तिनें दोन्हीं हातांनीं उचलला आणि मागच्या चाकाच्या पाठीमागें टाकला. चाक धोंड्यावर अर्धे चढलें, तेथें क्षणभर घुटमळलें आणि थांबलें. तोंवर आम्ही आंत शिरून पायाचा ब्रेक दाबला होता. मग आम्हीं दांडा पुन्हां ओढला. पांचव्या आवाजानंतर तो थांबला नाहीं. सहा, सात, आठ, नऊ असा वर येत गेला आणि नवव्यास ताठ झाला. मागें वळून पाहिलें. मूल झोपलेंच होतें.

आम्हीं म्हातारीपुढें शंभराची नोट धरली. तिनें कणसांचे तेवढे पैसे घेऊन बाकीचे परत केले. "धोंड्याचं पैसं न्हाई घेत मी," ती म्हणाली. "हितं चढ हाय. आदनंमदनं एखांदी सरतीच. म्हनून त्यो जवळच ठेवलाय." पांचगणी येईपर्यंत ताई एक अक्षर बोलली नाहीं. ती रागावली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही गाडी घेऊन एका वृद्ध मिस्त्रींच्या दुकानीं गेलों. "मिस्त्री, हँडब्रेक बिघडला आहे," असें आम्हीं सांगितलें. त्यांनीं दांडा दोनदां ओढून पाहिला आणि विचारलें, "मास्तर, तुम्ही किती ओढत होता?" आम्हीं पांच सांगितले. "आणि तो घट्ट किती वर होतो?" आम्ही नऊ म्हणालों. "मग ब्रेक बिघडलेला नाही," मिस्त्री शांतपणें म्हणाले, "तो झिजला आहे. तुम्ही मात्र झिजला नाहीत, तुम्ही पांचांवरच राहिलात." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही त्यांच्या बांकावर बसलों, आणि त्या दोन तासांत जें शिकलों तें येथें क्रमानें मांडतों.

प्रथम प्रश्न असा कीं, पायाचा ब्रेक असतां हा दुसरा ब्रेक हवाच कशाला? पायाचा ब्रेक तेलावर चालतो. आपण पायानें तेल दाबतों. तो दाब नळ्यांतून चारी चाकांकडे जातो आणि तेथील ब्रेक आवळतो. १९२१ सालीं अमेरिकेंत ड्यूसेनबर्ग कंपनीनें अशी चार चाकी तेलाची व्यवस्था आपल्या गाडींत प्रथम घातली, आणि पुढें ती सर्वत्र झाली. चालत्या गाडीला थांबविण्यास ती उत्तम. पण पाय उचलला कीं दाब गेला. आणि नळी फुटली वा तेल गळालें, तर पाय दाबूनहि दाब येत नाहीं. उभ्या गाडीला रात्रभर धरून ठेवावयाचें तर कोणी तरी पाय न उचलतां बसलें पाहिजे. म्हणून दुसरी व्यवस्था अशी ठेविली कीं, जिला तेल लागत नाहीं, इंजिन लागत नाहीं, आणि जी माणसाचें बळ माणूस निघून गेल्यावरहि धरून ठेवते. आमच्या जुन्या गाडींत ती केवळ लोखंड, तार आणि स्प्रिंग यांचीच केलेली आहे. एक व्यवस्था निकामी झाली तरी दुसरी उरावी, हा तिचा दुसरा हेतु.

आतां तिचे अवयव पाहूं. दांड्याच्या मुळाशीं एक अर्धवट वाटोळी लोखंडी पट्टी असते आणि तिच्या कडेला करवतीसारखे दांते असतात. दांड्याला जोडलेला एक खटका स्प्रिंगेच्या जोरानें या दांत्यांवर टेकलेला असतो. दांते एका बाजूस उतरते व दुसऱ्या बाजूस उभे असतात. दांडा वर ओढला कीं खटका उतरत्या बाजूवरून घसरत पुढच्या दांत्यांत पडतो. आपण ऐकतों तो 'कर्र' असा आवाज त्याच्या पडण्याचा. परंतु दांडा खालीं जाऊं पाहील तर खटका उभ्या बाजूस अडतो. विहिरीच्या रहाटाला उलटें फिरूं न देणारी खुंटी लावावी, तसाच हा प्रकार. दांड्याच्या टोंकाला जें बटण असतें, तें दाबलें म्हणजे आंतील सळई खटक्याला दांत्यांतून उचलते आणि दांडा मोकळा होतो. येथें एक गोष्ट विसरूं नये. आवाज एवढेंच सांगतो कीं खटका कोणत्या तरी दांत्यांत पडला. चाक धरलें गेलें कीं नाहीं, याविषयीं तो कांहींच सांगत नाहीं. आम्हीं सहा वर्षें या दोन गोष्टी एकच समजलों.

दांड्याच्या खालच्या, आंखूड टोंकाला तार जोडलेली असते. ती सायकलीच्या ब्रेकच्या तारेसारखी, मात्र पुष्कळ जाड, आणि गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाते. चाकें दोन आणि दांडा एक; तेव्हां ओढ दोघांस सारखी वांटली पाहिजे. यासाठीं मध्यें एक लहान आडवी पट्टी असते. शेतकऱ्यांच्या मुलांस ती चटकन समजेल, कारण ती जुंवासारखी आहे. मध्यावर ओढ आणि दोन्हीं टोंकांना एकेक बैल. एक बैल मागें पडला तर जूं थोडें तिरकें होतें आणि दोघांवरचा ओढा पुन्हां सारखा होतो. त्याचप्रमाणें एका चाकाची तार थोडी सैल असली तरी ही पट्टी तिरकी होऊन दोन्हीं तारांना सारखी ओढ देते.

आतां मिस्त्रींनीं मागचें चाक काढलें आणि त्यामागचा ड्रम उतरविला. ड्रम म्हणजे बिडाचें पसरट पातेलें. तें चाकाबरोबर फिरतें. त्याच्या पोटांत अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात. ते फिरत नाहींत. शूंच्या पाठीवर घर्षण करणारें अस्तर बसविलेलें असतें, त्यास मिस्त्री लायनर म्हणतात. अशा जातीच्या ब्रेकचा शोध फ्रान्समधील लुई रेनॉ यानें १९०२ सालीं लाविला असें मानतात. पायाचा ब्रेक दाबला कीं तेलाचा दाब दोन्हीं शूंना फांकवून ड्रमच्या आंतल्या बाजूस टेकवितो. हँडब्रेकहि याच शूंना फांकवितो, पण तेलानें नव्हे. आंत एक लहान तरफ असते. तार तिला ओढते, ती एका शूला थेट आणि दुसऱ्यास मधल्या पट्टीच्या द्वारें बाहेर ढकलते. म्हणजे खोली एकच. तिला दारें मात्र दोन, एक तेलाचें आणि एक तारेचें.

या सर्व खटाटोपांत बळ कोठून येतें? आमच्या विज्ञानाच्या वर्गांत तरफ शिकविली जाते, तिचेंच हें उदाहरण. समजा, हातानें आपण २० किलो वजनाइतक्या जोरानें दांडा ओढला आणि दांड्याची लांब बाजू आंखूड बाजूच्या पांचपट आहे; तर तारेवर १०० किलोचा ओढा येईल. आडव्या पट्टीनें तो वांटला, म्हणजे प्रत्येक चाकाकडे ५०. ड्रममधील तरफ समजा चौपट. तर प्रत्येक चाकांत २०० किलोचा जोर शूंना बाहेर दाबूं लागला. हे आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत, गाडीगणिक ते निराळे असतात; परंतु रीत हीच. सहा वर्षांच्या मुलाच्या आजीलाहि ही गाडी डोंगरावर धरून ठेवितां यावी, अशी ती योजना आहे.

परंतु यंत्रशास्त्रांत फुकट कांहीं मिळत नाहीं. जितक्या पटीनें बळ वाढतें, तितक्याच पटीनें अंतर घटतें. वरच्या हिशेबांत बळ पांच गुणिलें चार, म्हणजे वीसपट झालें. तेव्हां शूंना ढकलणारें टोंक १ मिलिमीटर सरकविण्यास हाताला २० मिलिमीटर ओढावें लागणार. आमच्या सर्व दुर्दैवाचें मूळ येथें आहे. लायनर झिजतें तें केसाकेसानें. तार वर्षानुवर्षें ताणून किंचित् लांबते. शू आणि ड्रम यांतली फट नखाएवढीहि वाढत नाहीं. पण तिचा वीसपट हिशेब हाताला चुकवावा लागतो. नवी असतांना पांचव्या दांत्यावर जी गाडी घट्ट धरली जाई, ती सहा वर्षांनीं पांचव्या दांत्यावर नुसती शिवली जात होती. तें हातास कळलें नाहीं. कारण हात ओढ पाहत नव्हता, आवाज मोजत होता.

येथें कोणी विचारील, कीं ब्रेक इतका ढिला होता तर गाडी आधीं चार-पांच मिनिटें उभी कशी राहिली? आम्हींहि मिस्त्रींना हेंच विचारलें. ८०० किलोंची गाडी दहास एक अशा चढावर उभी केली, तर ती सुमारें ८० किलोंच्या जोरानें खालीं जाऊं पाहते. आमच्या अर्धवट ओढलेल्या ब्रेकचें घर्षण त्या ओढ्याला कसें बसें पुरे पडत होतें, शिल्लक कांहीं नव्हती. अशा तोलावर उभ्या असलेल्या वस्तूला बाहेरून थोडा धक्का मिळाला कीं तोल गेला. आणि एकदां शू ड्रमवर घसरूं लागले म्हणजे घर्षण पहिल्यापेक्षां कमी होतें, कारण स्थिर घर्षणाहून सरकतें घर्षण नेहमीं थोडें उणें असतें. म्हणून सुटलेली गाडी आपण होऊन थांबत नाहीं. तिचा वेग वाढतच जातो. ताईनें दार आपटलें नसतें तर मुलानें कूस बदललेलीहि कदाचित् पुरली असती. दोष दाराचा नव्हता.

या ब्रेकचा इतिहासहि बोधप्रद आहे. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती. तिचा पायाचा ब्रेक गियरच्या पेटींत काम करी आणि मागच्या चाकांतील ब्रेक हाताच्या दांड्यानें लागत असे. तोच दांडा मागें ओढला म्हणजे गाडी इंजिनापासून सुटी होई. तेव्हां पुढें उभें राहून हातानें कळ फिरवून इंजिन सुरू करण्याची चाल होती. दांडा ओढावयाचा राहिला, तर इंजिन सुरू होतांच गाडी कळ फिरविणाऱ्याच्या अंगावर सरके. म्हणजे उभी गाडी नीट उभी ठेवण्याचा हा धडा मोटारीच्या बाळपणापासूनचा आहे.

सर्वच गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांतच असतो असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलिज जीपमध्यें तो मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर बसविलेला असे. दांडा धरला म्हणजे चाकेंहि धरलीं जात. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या मोठ्या ट्रकांत व बसमध्यें तर योजना अगदीं उलटी असते. तेथें एक जबरदस्त स्प्रिंग ब्रेक लावूनच बसलेली असते आणि हवेचा दाब तिला मागें रेटून धरतो. चालकानें कळ फिरवून हवा सोडली, किंवा गळतीमुळें ती गेली, कीं स्प्रिंग आपोआप ब्रेक आवळते. आजकालच्या कित्येक मोटारींत दांड्याऐवजीं बटण असतें आणि विजेची लहान मोटर ब्रेक आवळते. तरी वीज बंद झाल्यावर त्याला धरून ठेवतात ते स्क्रूचे आटेच. दाबानें ते उलटे फिरत नाहींत. आमच्या दांत्यानें जें करावयाचें तेंच तेथें आट्यानें केलें. हात असो वा वीज, बळ देणारा निघून जातो. मागें राखण करणारा कोणी तरी अढळ ठेवावा लागतो.

मिस्त्रींनीं लायनर बदललें, ड्रम साफ केला, शूंमधील दांतेरी चकती फिरवून फट बेताची केली आणि मगच तार ताणली. नुसती तार ताणून मोकळें होतां आलें असतें, पण तो क्रम चुकीचा असें ते म्हणाले: आधीं चाकांतलें अंतर दुरुस्त करावें, तार शेवटीं, नाहीं तर शू नेहमींच घासत राहतात आणि ड्रम तापतो. काम आटोपल्यावर दांडा सहाव्या दांत्यावर घट्ट झाला. "आता सहा पाठ करूं नका, मास्तर," ते म्हणाले. "तुमचा हात काय सांगतो ते ऐका."

त्यांनीं घालून दिलेली रीत आम्ही आतां पाळतों. गाडी थांबली कीं प्रथम पायाचा ब्रेक दाबून ठेवावा. त्यामुळें शू आधींच ड्रमला टेकतात. मग दांडा घट्ट होईपर्यंत ओढावा. नंतर गियर मोकळा असतांनाच पाय सावकाश उचलावा आणि गाडीचा भार हँडब्रेकवर येऊं द्यावा. ती तसूभरहि सरकली तर ब्रेक पुरेसा नाहीं हें तेथेंच कळतें. मगच इंजिन बंद करून गियर टाकावा, तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर मागचा. म्हणजे ब्रेक सुटला तरी इंजिन अडवील. पुढचीं चाकें अशीं वळवावीं कीं गाडी सुटलीच तर दरीकडे न जातां डोंगराला टेकेल. चढ फार असेल तर चाकाला दगड लावावा. आणि पावसाळ्यांत गाडी अनेक दिवस घरीं सपाटीवर ठेवावयाची झाल्यास हँडब्रेक सोडून ठेवावा, गियर व दगड यांवर तिला धरावें. नाहीं तर ओलीनें लायनर ड्रमला चिकटून बसतें.

ही केवळ शहाणपणाची गोष्ट नाहीं, कायद्याचीहि आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें, चालकाच्या जागीं परवाना असलेला मनुष्य नसेल तर सार्वजनिक जागीं गाडी उभी ठेवितांना यंत्र बंद करून ब्रेक लाविला पाहिजे, अथवा ती आपोआप चालूं लागणार नाहीं अशी दुसरी तजवीज केली पाहिजे. ज्या दिवशीं आम्ही घाटांत उतरलों, त्या दिवशीं आम्हीं कायदा पाळला असेंच समजत होतों. ब्रेक 'लाविला' होता. आवाज पांच झाले होते.

मुलांनो, तुमच्यापैकीं पुष्कळजण आज ना उद्यां गाडी चालवितील. तोंवर घरच्या सायकलीच्या ब्रेकची तार एकदां नीट पाहा. मूठ किती दाबली म्हणजे ब्रेक लागतो तें ध्यानांत घ्या, आणि सहा महिन्यांनीं तेंच पुन्हां पाहा. जें रोज वापरतों तें रोज थोडें बदलतें, आणि रोज बदलतें म्हणूनच दिसत नाहीं. वर्षांतून एक दिवस त्याच्याकडे नवख्या डोळ्यांनीं पाहावें. आम्हीं तें केलें असतें तर हा लेख लिहावा लागला नसता, आणि आम्हांस तें अधिक आवडलें असतें.

असो. दिवाळींत आम्ही पुन्हां पसरणीच्या घाटानें गेलों. कणसांचे दिवस संपले होते; म्हातारी तेथें नव्हती, पण काळा धोंडा कडेला होता तेथेंच होता. आम्हीं तो हलविला नाहीं. आमच्या गाडीच्या पाठीमागच्या पेटींत कृष्णेच्या पात्रांतला तेवढाच एक धोंडा आतां कायम असतो. ताई पुन्हां आमच्या गाडींत बसूं लागली आहे. त्या दिवसाविषयीं ती अजूनहि बोलत नाहीं. मात्र बसण्यापूर्वीं मागें जाऊन ती पेटी उघडते, धोंडा आहे कीं नाहीं तें पाहते, आणि मग नातवाला हांक मारते.